धुरपदाबाईची बिजवाई

धुरपदाबाईला स्वस्थ बसणं जन्मात जमलं नाही. भुसावळहून यावलकडे निघालं, तापीचा पूल ओलांडला, की थोड्याच अंतरावर तिचं गाव लागतं. तिथे कुणालाही विचारा. पाणी आलं म्हणून नळाकडे, दूध उतू जाईल म्हणून चुलीकडे, वानरं शिरली असतील म्हणून शेताकडे, अशी ही बाई दिवसभर पळत असते. वय त्रेसष्ट. गुडघे कुरकुरतात, पण ती गुडघ्यांचं ऐकते थोडीच! सून मोहिनी म्हणते, "आई, घडीभर टेका ना." उत्तर ठरलेलं: "टेकीन एकदाच. मंग चौघं उचलतीन मले."

पण मागच्या फेब्रुवारीत तिच्या पायाला जी भिंगरी लागली ती निराळीच. त्या महिन्यात तिला जेवण गोड लागेना, की कुणाशी धड बोलवेना. आणि खोटं कशाला सांगू, त्याला दुसरं कुणी जबाबदार नव्हतं. जे जपायचं ते तिने आपल्या हाताने भाजून पाहुण्यांच्या ताटात वाढलं होतं.

तिच्याकडे भरताचं वांगं होतं. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ते कुणाकडे नसतं? असतं. पण धुरपदाबाईचं वेगळं होतं. पोपटी रंग, बुडाशी पांढऱ्या रेघा, एकेक अर्ध्या-पाऊण किलोचं, आणि भाजलं की आतून लोण्यासारखं निघायचं. हे बी तिच्या सासूचं, सुगंधाबाईचं. सुगंधाबाईने नव्या सुनेला आधी दागिने दाखवले नाहीत. माळ्यावरची बरणी उतरवून राखेत ठेवलेलं बी दाखवलं. दरवर्षी वावरातली सात चांगली झाडं निवडायची, प्रत्येकावरचं एक देखणं वांगं हेरायचं, देठाला लुगड्याची लाल चिंधी बांधायची आणि ते तोडायचं नाही. झाडावरच पिवळंधमक होऊ द्यायचं. मग त्याचं बी काढून, धुऊन, सावलीत वाळवून बरणीत. या राखून ठेवलेल्या वांग्याला म्हणायचं बिजवाई. चिंधी दिसली की घरातलं माणूस हात आखडता घेई, मजूर बायासुद्धा त्या झाडाला वळसा घालून तोडणी करत.

एरवी बरणीत दोन-तीन वर्षांचं बी शिल्लक असायचं. त्या हंगामात मात्र जूनमध्ये टाकलेलं रोप अतिपावसाने सडून गेलं. धुरपदाबाईने बरणी उपडी करून, बोटाने तळ खरवडून दुसऱ्यांदा रोप टाकलं. ते जगलं, वावर भरून वांगी आली, पण बरणी रिकामी. म्हणजे आता सगळी मदार त्या सात बिजवायांवर. ती रोज सकाळी जाऊन मोजायची. एक, दोन, तीन करत सातपर्यंत गेलं की जरा श्वास खाली बसायचा.

आणि अशात एक दिवस मुलाच्या, हेमराजच्या फोनवर निरोप आला. जळगावच्या कुठल्याशा संस्थेची माणसं येणार होती. ‘रोजच्या जगण्यातली शाश्वतता’ अशा नावाचं पुस्तक ती काढत होती, आणि त्यात धुरपदाबाईचं बियाणं घ्यायचं होतं, फोटोसकट.

"शाश्वतता म्हनजे काय रे?" तिने विचारलं.

"म्हणजे टिकणारं, आई."

"मंग लोनच्याचं इचारा म्हना. ते बी टिकतं."

हेमराज हसला, पण तिचं समाधान झालं नाही. तो शब्द दोन दिवस तिच्या मागे लागला. भांडी घासताना, गोधडीला ठिगळ लावताना ती मधेच मोहिनीला विचारायची, "हे शाश्वत आहे का वं?" मोहिनी म्हणायची, "आहे बाई, आहे." सगळ्यालाच हो म्हटल्यावर कसं कळणार?

ठरल्या दिवशी अकराच्या सुमारास गाडी आली. ज्योत्स्ना मॅडम पुढे, पस्तिशीच्या, सुती साडीतल्या, बोलायला गोड. त्यांच्यासोबत लिहून घेणारी रूपा, कॅमेऱ्याचा प्रेमराज, आणि गाडीचा ड्रायव्हर. मॅडमने वाकून नमस्कार केला तिथेच धुरपदाबाई अर्धी विरघळली.

"आजी, आपण आज जे वापरतो ते उद्याच्या माणसालाही मिळालं पाहिजे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ," मॅडम म्हणाल्या.

"मंग हे तं आम्ही करतोच," धुरपदाबाई म्हणाली आणि सुटली. राखेने भांडी, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, वांग्याच्या साली म्हशीला, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या चुलीला. मग सासू, बरणी, चिंधी. रूपा भराभर लिहीत होती. मॅडम म्हणाल्या, "आजी, तुम्ही तर शाश्वततेचं चालतंबोलतं उदाहरण आहात." आता असं कुणी तोंडावर म्हटलं की कुणाला गुदगुल्या होणार नाहीत? धुरपदाबाईने पदर सारखा केला.

आणि तिथेच घात झाला. मॅडम उठता उठता म्हणाल्या, "तुमच्या हातचं भरीत मात्र एकदा खायचंय हं, आजी."

आपल्याकडे पाहुणा असं बोलला की ते ‘पुन्हा कधीतरी’ नसतं. तो उंबरा ओलांडायच्या आत पऱ्हाट्या पेटल्या पाहिजेत. पण वांगी होती कुठे? हेमराजने परवाच शेवटची तोडणी करून सगळा माल भरीत सेंटरवाल्याला दिला होता. घरात एक वांगं नाही.

मोहिनी हळूच म्हणाली, "आई, शेजारून आणू का चार?"

"शेजारची?" धुरपदाबाईचे डोळे मोठे झाले. "लिहून घेतलं माझ्या वांग्याचं, अन् खाऊ घालू शेजारचं? नाक कापून घेऊ काय?"

वावर घरामागेच होतं. ती विळा घेऊन गेली. पहिल्या चिंधीपाशी थांबली. हात लांबवला, मागे घेतला. पिवळी पडायला अजून पंधरा-वीस दिवस होते. ‘एक गेलं तर काय होतं, सहा आहेतच,’ असं म्हणत तिने पहिलं तोडलं. मग हिशेब सुरू झाला: चार पाहुणे, त्यांना आग्रह करायचा, शिवाय घरची माणसं. दुसरं तोडलं, तिसरं तोडलं. सहाव्यापर्यंत हात थांबला नाही. सातव्यापाशी मात्र ती ठाम झाली. एका वांग्यात हजारभर बी असतं, एक पुरे.

भरीत झालं. वांगी पऱ्हाट्यांवर भाजली, बडगी नावाच्या लाकडी उखळीत मिरची-लसणासोबत ठेचली, वर कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. बी धरायला लागलेली वांगी ती. दाताखाली कचकच बिया येत होत्या. पाहुण्यांना मात्र त्याचंही कौतुक. "अस्सल गावरान," ड्रायव्हर म्हणाला आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

निघताना प्रेमराज म्हणाला, "आजी, वांगं हातात धरून एक फोटो घेऊ. त्याशिवाय पानाला मजा नाही."

"झाडावरच काढा ना," धुरपदाबाई म्हणाली.

"झाडावर तुमचा चेहरा सावलीत जातो. हातात असलं की उठून दिसेल."

सगळे बघत होते. मॅडम हसत होत्या. आता या वेळी ‘नाही’ म्हणायला जीभ वळली असती तर ही गोष्टच झाली नसती. तिने सातवं वांगं तोडलं, लाल चिंधीसकट हातात धरलं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. फोटो काढून झाल्यावर त्या वांग्याचं करायचं काय, हा प्रश्न आलाच. तिने ते मॅडमच्या पिशवीत घातलं. रिकाम्या हाताने पाहुण्याला कसं पाठवायचं?

गाडी गेली आणि ती पुन्हा वावरात जाऊन सात रिकामे देठ मोजून आली. तरी तिने स्वतःला समजावलं. झाडं उभी आहेत. फुलं आहेत. पाणी दिलं तर पुन्हा धरतील, उन्हाळा कडक व्हायच्या आत एखादं पिकेल. रोज दोन कळश्या घालू, एवढंच ना? त्या दिवशी ती जरा जास्तच बडबडली. मोहिनीला ती चूक दिसत होती, पण सून बोलते कशी?

तिसऱ्या दिवशी ती भुसावळला डोळे तपासायला गेली. दुपारी परतली तर मागे ट्रॅक्टरचा आवाज. ती धावली. वावर सपाट झालं होतं. हेमराज बांधावर उभा राहून ट्रॅक्टरवाल्याशी टरबुजाच्या लागवडीबद्दल बोलत होता.

"झाडं कुठी आहेत रे? चिंधीवाली झाडं?"

"आई, त्यांच्यावर वांगी कुठे होती? मला वाटलं तू बिजवाई काढून घेतली. म्हणून तर रोटाव्हेटर मारला."

त्याचं काय चुकलं? पाहुणे आले त्या दिवशी तो बाजाराला गेला होता, भरीत कुठल्या वांग्यांचं झालं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दरवर्षी असंच तर असायचं. चिंधीचं वांगं झाडावरून गेलं म्हणजे घरात आलं, आणि मग वावर मोकळं. धुरपदाबाई मातीत उतरली. कुटी झालेली पानं, फांद्या हातांनी उकरू लागली. एक चिंधी सापडली, फाटलेली. सासूने चाळीस वर्षं, तिने वीस वर्षं सांभाळलेलं, आणि ते आपण एका जेवणात संपवलं. ती बांधावर बसली आणि मोठ्याने रडली. हेमराज घाबरला. त्याने आईला बाप गेल्यावरच असं रडताना पाहिलं होतं.

त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. आधी मॅडमला फोन लावायला लावला. "आजी!" पलीकडून आनंदाने आवाज आला. "अहो, त्या वांग्याचं भरीत केलं आम्ही. काय चव!" धुरपदाबाईने फोन तसाच हेमराजच्या हातात दिला. मग बरणीतली राख कुंडीत ओतून पाणी घातलं. एखादी बी चिकटून राहिली असेल तर? काही उगवलं नाही. उकिरड्यावर वांग्याचं रोप दिसतं का म्हणून तीन दिवस काठीने उकरत बसली. दिसली ती धोत्र्याची रोपं. दरम्यान फोटो फोनवर आला. हातात वांगं, देठाला लाल चिंधी, आणि खाली लिहिलेलं: ‘पिढ्यान्‌पिढ्यांचं बियाणं जपणाऱ्या धुरपदाबाई.’ गावातल्या प्रत्येकाच्या फोनवर तो गेला. लोक कौतुक करायला येऊ लागले. आलेल्या माणसाला चहा द्यायचा आणि हसायचं, या दोन गोष्टी उरकून ती मागच्या दाराने निघून जायची.

मोहिनी म्हणाली, "आई, इतकी वर्षं तुम्ही बी दिलंच की लोकांना. कुणाकडे तरी असेल. मागू."

धुरपदाबाई उठून म्हशीला पाणी दाखवायला गेली.

आता खरं सांगायलाच हवं. तिने बी कुणाला दिलं नाही असं नाही. मागायला आलेल्याला कधी रिकामं पाठवलं नाही. मुठीएवढी पुरचुंडी बांधून द्यायची, वर तोंडभरून आशीर्वादही. पण देण्याआधी चुलीवरच्या तव्यावर ते बी क्षणभर फिरवून घ्यायची. जळू द्यायचं नाही, रंग बदलू द्यायचा नाही, नुसता चटका. दिसायला बी तसंच, पण आतला जीव गेलेला. लोक पेरायचे, वाट बघायचे, काही उगवायचं नाही. आणि लोक तरी काय म्हणायचे? "धुरपदाबाईच्या हातालाच यश आहे, बाबा. दुसऱ्याकडे ते वांगं येतच नाही." हे ऐकून ती मान खाली घालून हसायची. अठरा वर्षं हसली.

सुरुवात झाली नवरा गेला त्या वर्षी. शालिग्राम गेला तेव्हा हेमराज अकरावीत. घरात येणंजाणं एकदम कमी झालं. राहिले फक्त भरतासाठी येणारे. हिवाळ्यात दारासमोर दोन-चार गाड्या उभ्या राहायच्या, कुणी ‘काकू, वांगी द्या’ म्हणायचं, तेवढंच घर जागं वाटायचं. हे वांगं गल्लोगल्ली झालं तर आपल्या दारी कोण येईल, या भीतीने तिने पहिल्यांदा तवा तापवला. आणि ते पहिलं बी दिलं कुणाला? परक्याला नाही. सख्ख्या नणंदेला, कोकिळाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आलेली कोकिळा म्हणाली होती, "वयनी, आईचं बी दे ना थोडं. तिची आठवण राहीन माझ्या दारात." त्या बीला धुरपदाबाईने चटका दिला होता.

आता कुणाच्या दारी जायचं? तरीही ती गावात फिरली, एकेका घरी बसली, आडून आडून विचारलं. प्रत्येक ठिकाणी तेच. "तुमचं बी आमच्याकडे कुठं लागतं, काकू?" एक जण तर म्हणाली, "तीनदा नेलं मी, तिन्ही वेळा मलाच बोल लावला सासूने, की तुला रोपसुद्धा टाकता येत नाही." धुरपदाबाई चहा अर्धाच ठेवून उठली.

मार्च लागला. मिरचीचा व्यापार करणारा जीवराम दोंडाईच्याहून माल घेऊन आला होता. पारावर भेटला, तिचा फोटो पाहिला म्हणाला, आणि पुढे सहज बोलून गेला, "तुमच्या कोकिळाबाईकडे मुक्काम होता. काय भरीत घातलं हो त्यांनी! डोळे मिटून खाल्लं तर वाटावं तुमच्याच ओट्यावर बसलोय."

"वांगी कुठली व्हती?"

"परसातलीच की त्यांच्या."

असं कसं होईल? धुरपदाबाई घरी आली ती चपला न काढताच. दुसऱ्या दिवशी सकाळी हेमराजने तिला भुसावळला सुरतकडच्या पॅसेंजरमध्ये बसवून दिलं. जळगाव गेलं, धरणगाव गेलं. अमळनेरला डब्यात कुणी भेळभत्ता घेतला, कुणी उतरलं, कुणी चढलं. तिला कशाचंच भान नव्हतं. ती वाक्यं जुळवत होती. ‘कोकी, बी पाहिजे होतं.’ एवढंच म्हणावं? का आधी सांगावं? सांगायचं तर कुठल्या तोंडाने? नरडाण्याला तिला वाटलं, इथेच उतरावं आणि परतीची गाडी धरावी. ती दारापर्यंत जाऊनही आली. शेजारची बाई म्हणाली, "आज्जी, एका जागी बसा ना, दोंडाईचा लांब शे आजून."

कोकिळाने तिला पाहिलं आणि दारातच मिठी मारली. साठीला टेकलेली नणंद, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हाताला लाल तिखट लागलेलं. "वयनी! फोन ना काही ना! बठ्ठा बरा शेतस ना घरना?"

"तू तं पक्की शे-शे झाली वं, सासरची अहिरानीच बोलते," धुरपदाबाई म्हणाली आणि हसायचा प्रयत्न केला.

पाणी झालं, चहा झाला. कोकिळा पोळ्या लाटायला बसली. धुरपदाबाई ‘हात धुऊन येते’ म्हणून मागच्या दाराने परसात गेली. आणि जागच्या जागी थांबली. मोरीच्या पाण्यावर वांग्याची बारा-पंधरा झाडं. पोपटी वांगी, बुडाशी पांढऱ्या रेघा. मधल्या झाडावर एक पिवळंधमक वांगं, देठाला लाल चिंधी बांधलेलं. तिने ते दोन्ही हातांत धरलं, तोडलं नाही. तिला हुंदका आला आणि तो दाबायला तिने पदराचा बोळा तोंडात घातला.

"दिसलं का?" मागे कोकिळा उभी होती. हाताला पीठ.

"कोके, हे... कुठून?"

"तुझ्याच बरणीतून." कोकिळा आता माहेरच्या बोलीत बोलत होती. "तू देल्लं ते उगोलं नही. मी बी आईच्या हाताखालीच वाढली ना, वयनी? हातात घेतल्याबरोबर समजलं मले. भाजेल बी हलकं लागतं. दुसऱ्या आखाजीले आली तव्हा तू पाण्याले गेली व्हती. माळ्यावर चढली, बरणीतून चिमूटभर काढलं. चोरलंच म्हन."

धुरपदाबाईला तिच्याकडे बघवेना. सतरा वर्षं ही दर आखाजीला आली, आपल्या हातचं जेवली, झोके खेळली, आणि एका शब्दाने बोलली नाही.

"अन् आता तं आमची सारी गल्ली लावते," कोकिळा म्हणाली. "सात-आठ घरं व्हतीन. कोनाचं रोप मेलं तं दुसरीकून आनायचं. मागच्या साली माझंच सारं वाया गेलं, तं समोरच्या ताईबाईनं देल्लं, म्हनून हे दिसतं." मग तिने वहिनीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "तुझं गेलं काय?"

धुरपदाबाईने मान हलवली. सगळं सांगितलं, पाहुण्यांचं, फोटोचं, रोटाव्हेटरचं. तव्याचं तेवढं सांगितलं नाही. कोकिळाला ते ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं आपल्या तोंडाने म्हणायला छाती लागते. तेवढी छाती त्या दिवशी तिच्याकडे नव्हती.

निघताना कोकिळाने आत जाऊन पुरचुंडी आणली. तिच्या हातात ठेवली, मूठ मिटवली आणि हसली. बस, एवढंच. पण ते हसणं धुरपदाबाईच्या मनात असं रुतलं की परतीच्या प्रवासात तिला दुसरं काही सुचेना. आत गेली होती. किती वेळ गेली होती? चूल तर पेटलेलीच होती. पोळ्यांचा तवा वर होता. शिंदखेडा यायच्या आत तिने पुरचुंडी दोनदा सोडली. बी तळहातावर घेऊन वजन बघितलं. वास घेतला. धूर येतो का? पोळ्यांचाच असेल. की...? ‘मी केलं ते तिने का करू नये?’ आणि हे असं वाटतंय याचीच तिला लाज वाटली, आणि लाज वाटली तरी वाटणं थांबेना.

घरी आल्या आल्या तिने दहा बिया मोजून जुन्या लुगड्याच्या ओल्या धडप्यात गुंडाळल्या आणि स्टीलच्या डब्यात ठेवल्या. पुढचे दिवस त्या घराने काढले कसे ते त्यालाच माहीत. तासातासाला झाकण उघडायचं, धडपं सोडायचं, डोळ्यांजवळ न्यायचं.

"आई, असं उघडत राहिलात तर आलेला कोंबही मोडेल," मोहिनी म्हणाली.

"येनार असला तं मोडीन ना!"

तिसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी तिचा धीर सुटला. "घेतला सूड कोकीनं," ती चुलीपाशी उभी राहून म्हणाली. "हसली तव्हाच मले समजलं व्हतं." त्या दिवशी तिने कोकिळाचे नको नको ते दोष काढले. लग्नात भांडण लावलं होतं, आईची सोन्याची पोत एकटीने नेली होती, सगळं. हेमराज वैतागून म्हणाला, "आई, आत्याने तुझं काय वाकडं केलंय?" त्यावर तिने डबा एवढ्या जोराने आपटला की झाकण खाली पडलं.

सहाव्या दिवशी सकाळी तिने धडपं सोडलं आणि तिला पांढरं काहीतरी दिसलं. सुईच्या टोकाएवढं. चष्मा आणायला लावला. एक होतं. दुपारपर्यंत चार. सातव्या दिवशी आठ. आठव्या दिवशी तिने ओट्यावर उन्हात बसून एकेक बी बोटाने सरकवत मोजलं. दहा. दहाच्या दहा. एकसुद्धा वाया गेली नव्हती. कुणाला आनंद झाला असता. तिला मात्र कुणी तोंडात मारावं तसं झालं. एखादी जरी उगवली नसती तरी तिला बरं वाटलं असतं.

"मोहिनी, आत्याले फोन लाव," ती म्हणाली.

कोकिळाचा आवाज आला. मागे मिरची कांडपाची धडधड चालू होती. "बोल वयनी."

"उगोलं."

"मंग? उगोनारच व्हतं ते. तुले काय वाटलं?"

धुरपदाबाईला म्हणता आलं असतं की काही नाही, सहज सांगितलं. जीभ तिकडे वळलीही होती. पण हाताखाली ते दहा कोंब होते.

"मी तुले भाजून देल्लं व्हतं, कोके," ती म्हणाली. "मले वाटलं, तू बी माझ्यासारखीच निघशीन."

पलीकडे कांडप थांबलं. कोकिळाने फोन ठेवला नाही. धुरपदाबाई तो कानाला लावून ओट्यावर बसून राहिली, आणि मोहिनीने दूध उतू गेल्याची हाक मारली तरी उठली नाही.